पाय मागे घेऊ नका, माउली

पंढरीच्या वारीत, पालखीच्या वाटेवर दिवसभर अनोळखी माणसं पाया पडतात. आपण वाकायच्या आत समोरचा वाकलेला असतो. नवखा वारकरी गडबडतो, पाय मागे घेतो, ‘अहो, माझ्या कुठे पाया पडता’ म्हणतो. वारीतली अवघड जागा मला हीच वाटते, दिवेघाटाची चढण त्यामानाने सोपी. वर्षानुवर्षं स्वतःला कमी लेखलेल्या माणसाला दुसऱ्यापुढे वाकणं सहज जमतं, पण आपल्यापुढे कोणी वाकलेलं त्याला सोसत नाही. आमच्यात रीत साधी आहे: पाय मागे घ्यायचा नाही, हात जोडून उभं राहायचं, मग आपण वाकायचं.

स्वतःवरचा राग वारीत आधी पायांवर निघतो. काहीजण प्रायश्चित्त म्हणून अनवाणी निघतात, फोड फुटला तरी थांबत नाहीत. विठोबाने हे मागितलेलं नाही. फोड येतो तो ओल आणि घर्षणामुळे. म्हणून दोन-तीन महिने वापरलेले बूट किंवा मऊ पट्ट्यांची चप्पल घ्यावी. सकाळी बोटांच्या बेचक्यांत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन लावावं, भिजलेले मोजे दुपारच्या विसाव्याला बदलावेत. फोड आला तर फोडू नये. आपोआप फुटला तर वरची कातडी ओढू नये, धुऊन स्वच्छ पट्टी लावावी. सुई-दोरा ओवून पाणी काढायची जुनी सवय आहे, पण चिखलातून चालताना त्यात जंतू शिरतात. मधुमेह असेल त्याने तर हे अजिबात करू नये.

आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचं ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान होतं. पुणे ते सासवड हा 30 किलोमीटरच्या आसपासचा टप्पा सगळ्यात लांब, घाटाची चढण त्यातच, आणि तो बहुधा वद्य एकादशीला येतो. कडक उपवास धरून घाट चढणाऱ्यांना घेरी येते. केळी, शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू जवळ ठेवा. 1 लिटर पाण्यात ओआरएसचं 1 मोठं पाकीट घालून घोट घोट प्या. रोजची औषधं ट्रकमधल्या सामानात टाकू नका, ट्रक पुढच्या मुक्कामाला निघून जातो आणि रात्रीपर्यंत हाती लागत नाही. कमरेच्या पिशवीत ठेवा. मनाच्या आजाराच्या गोळ्या तर ‘आता माउली आहेत’ म्हणून कधीच बंद करू नयेत.

पहिले काही दिवस डोक्यात फक्त शरीराच्या तक्रारी असतात. जेजुरी मागे पडून नीरेकडे पालखी सरकते तसं जुनं काहीतरी वर येऊ लागतं: घरातले बोल, न मिळालेली माया, हातून सुटलेली माणसं. कीर्तनात कारण नसताना रडू येतं. याला घाबरून लोक दोन गोष्टी करतात. एकतर दिंडी, म्हणजे आपला सोबत चालणारा गट, सोडून एकटे पुढे निघतात, नाहीतर अखंड सेवेला जुंपून घेतात, म्हणजे पाणी वाढायचं, तंबू ठोकायचे, सगळ्यांच्या ताटांकडे पाहायचं. दुसरी गोष्ट दिसायला चांगली, म्हणून जास्त फसवी. अशा वेळी दिंडीत वीणा घेऊन चालणाऱ्या वीणेकऱ्याच्या जवळपास राहावं, टाळ घ्यावा, पाऊल ठेक्यावर पडू द्यावं. आणि वाटेवरच्या गावात कोणी पाय चेपून द्यायला बसलेलं दिसलं तर बसावं, ‘मला नको’ म्हणू नये.

मुक्कामाच्या तळावरची समाज आरती, म्हणजे सगळ्या दिंड्यांची एकत्र आरती, ज्याने पाहिली त्याला पुढचं लगेच कळेल. सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड उंचावला की लाखोंचा तळ शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. तिला कोणी दटावून गप्प करत नाही, चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणं ऐकतात. रात्री पाठ टेकण्याआधी मी मनाशी हेच करतो: आज आत कोण टाळ वाजवत राहिलं? उत्तर शोधायची घाई नाही. भीती असेल तर भीती म्हणावं, हेवा असेल तर हेवा, आणि झोपावं. झोप कमी पडली तर हे काहीच साधत नाही, कारण पहाटे तीनला टँकरपाशी अंघोळीची गडबड सुरू होते.

पंढरपुरात पदस्पर्शाची रांग कित्येक तास चालते. तेवढं बळ नसेल तर लांबून मुखदर्शन घ्या, नाहीतर कळस पाहून नामदेव पायरीला डोकं टेका. समोर चोखोबांची समाधी आहे. ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांच्यापुढे आज सगळी वारी वाकते. स्वतःला अपात्र मानणाऱ्याने तिथे थोडं जास्त थांबावं.

घरी परतल्यावर आठवडाभर पोकळी जाणवते, चिडचिड होते. तळ, टाळ, सोबत एकदम सुटलेली असते, दुसरं काही बिघडलेलं नसतं. पायांच्या जखमा भरून येईतो लांब चालू नका. संध्याकाळी हरिपाठ मात्र चुकवू नका, अर्धा-पाऊण तास लागतो. आणि घरातलं कोणी पंढरीहून आलात म्हणून पाया पडायला वाकलं, तर तिथेही पाय मागे घेऊ नका.