क्लेमची फाइल पहिल्याच भेटीत बिघडते

विम्याचे क्लेम तपासणाऱ्या सर्व्हेअरच्या ताणाचा विषय निघाला की लोकांना चिडलेला ग्राहकच आठवतो. तो असतोच, पण फायली अडतात त्या पहिल्या भेटीत राहून गेलेल्या नोंदींमुळे. पुराचं पाणी ओसरलं की मालक लगेच गाळ काढायला घेतो, आणि घ्यायलाच हवा. पण त्यात पाणी कुठवर चढलं ते सांगणारी भिंतीवरची रेघही जाते. म्हणून आधी रेघेला टेप लावून फोटो, मग माल कितव्या फळीपर्यंत भिजला ते, मग बाकीचं. नुसते जवळून काढलेले फोटो असले की वस्तू कुठल्या खोलीतली, हेच पुढे कळत नाही.

भिजलेला, अर्धवट भिजलेला आणि कोरडा माल जागेवरच वेगळा करून मोजावा, यादीवर मालकाची सही घ्यावी. मग आकडा वह्यांशी ताडायचा: सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा विकलेल्या मालाची खरेदी किंमत. इथे विक्रीची रक्कम जशीच्या तशी वजा करणारे महाभाग भेटतात. तिच्यात नफा असतो, त्यामुळे साठा कमी दिसतो आणि मालक विनाकारण खोटा ठरतो.

आगीच्या फायलीत ‘शॉर्टसर्किट’ लिहून मोकळं होणं ही सर्रास पळवाट. वितळलेली वायर आगीचं कारण असू शकते, तशीच आगीचा परिणामही.

सगळ्यात कडू वाद कमी विम्यावरून होतात. मालाची किंमत 10 लाख, विमा 6 लाखांचा, भंगाराची किंमत वजा जाता नुकसान 2 लाख. पॉलिसीत अ‍ॅव्हरेजचं कलम, म्हणजे विमा किमतीच्या जेवढ्या प्रमाणात तेवढ्याच प्रमाणात भरपाई, असेल तर हाती 1 लाख 20 हजार, त्यातूनही एक्सेस, म्हणजे मालकाने स्वतः सोसायचा ठरलेला हिस्सा, कापला जातो. हे गणित थेट अहवालात दिसलं तर माणूस भडकणारच. ते पहिल्याच भेटीत कागदावर मांडून दाखवावं. मात्र ‘होईल तुमचं मंजूर’ असं धीर देण्यापुरतंही बोलू नये. मंजुरी कंपनी देते, शब्द मात्र सर्व्हेअरच्या गळ्यात पडतो.

वादळानंतर फायलींचा ढीग एकदमच येतो. राहती घरं आणि बंद पडलेले धंदे आधी घ्यावेत. प्रत्येक फाइलवर पुढचं काम आणि तारीख लिहावी. कुठला कागद यायचा बाकी आहे, हे ग्राहकाला लेखी कळवावं. निम्मे फोन तेवढंच विचारायला येतात.