वहीतली सदतीस पाणअस्वलं खोडली

जूनपासून माझ्या वहीत 'मॅक्रोबायोटस' या नावाखाली सदतीस नोंदी जमल्या होत्या. गेल्या आठवड्यात त्या सगळ्यांवर काट मारली आणि समोर नुसतं 'पाणअस्वल' लिहिलं. पाणअस्वल म्हणजे टार्डिग्रेड, भिंतीवरच्या मखमली शेवाळात, म्हणजे मॉसमध्ये, सापडणारा आठ पायांचा सूक्ष्म प्राणी; मॅक्रोबायोटस हा त्यातला एक वंश. का, ते सांगतो. नव्यानं मॉस पिळायला बसलेल्यांचा थोडा वेळ वाचेल.

सामान साधंच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला एका नळीचा मायक्रोस्कोप, ४, १० आणि ४०ची भिंगं, वर मोबाइल अडकवायचा क्लॅम्प. मोजपट्टीची काच घेतलेली नाही. आयपीसवर १८ हा आकडा कोरलाय, त्याला भिंगाच्या आकड्यानं भागलं की दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी मिलिमीटरमध्ये मिळते: ४ला साडेचार, १०ला १.८, ४०ला ०.४५. पारदर्शक फूटपट्टी ठेवून ४चं उत्तर पडताळलं, बाकीच्यांवर विश्वास ठेवला.

नमुना पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या काळ्या दगडी कुंपणावरचा. मराठीत एक पंचाईत आहे. पायरीवरून पाय घसरवतं तेही शेवाळ आणि भिंतीवर मखमलीची गादी धरते तीही शेवाळच. आपल्याला दुसरं हवं, म्हणजे मॉस, शाळेत फ्युनारियाची आकृती काढली होती त्या जातकुळीचं. मे महिन्यात ते वाळून तपकिरी झालं होतं तेव्हाच खरवडून ठेवलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या निम्म्याला जुलैत बुरशी लागली. कागदी पाकिटातलं अजून ठणठणीत आहे, भिजवलं की प्राणी उठून चालायला लागतात.

भिजवायला पावसाचं साठवलेलं पाणी. बशीत चार-पाच तास गादी उलटी ठेवायची, पिळायची, गाळ बसू द्यायचा आणि ड्रॉपरनं तळाचा थेंब उचलायचा. काड्याकुड्या अडवायला आईची चहाची गाळणी घेतली होती. "आता अस्वलांचा चहा गाळू का यातून?" एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी स्वतःची गाळणी आणली.

४च्या भिंगाखाली कोण काय आहे ते चालीवरूनच कळतं. कंडेन्सरखाली (स्लाइडच्या खालचं, उजेड गोळा करणारं भिंग) काळ्या कागदाची छोटी चकती मधोमध धरली की पार्श्वभूमी काळी होते आणि प्राणी चमकतात. रोटिफर, हाही पाण्यातला एक सूक्ष्म प्राणी, जळूसारखा ताणत, आखडत जातो. सूत्रकृमी जागच्या जागी फटके मारतो आणि कुठेच पोचत नाही. पाणअस्वल आठही पाय झाडतं, पण गुळगुळीत काचेवर पकड मिळत नाही म्हणून त्याची अवस्था उलट्या पडलेल्या झुरळासारखी होते. शेजारी वाळूचा कण किंवा मॉसचं पान सरकवून दिलं की लगेच मिठी मारून चालू पडतं.

इथवर सोपं असतं. माझी चूक पुढची. पुस्तकात मॉसमधलं नेहमीचं पाणअस्वल म्हणून मॅक्रोबायोटसचं चित्र पाहिलं होतं, आणि मग जे दिसेल ते तेच ठरत गेलं. पाठीवर कवचासारखे पट्टे असते तर एकिनिस्कस म्हटलं असतं, पट्टे नाहीत म्हणजे मॅक्रोबायोटस, अशी माझी दोन खणांची मांडणी.

१९ सप्टेंबरच्या रात्री यातलंच एक रोटिफरच्या अंगावर गेलं. तोंड टेकवलं आणि अख्खा रोटिफर शेवई ओढावी तसा आत गेला. मी नुसता बघत राहिलो, व्हिडिओचं बटण दाबायचं राहूनच गेलं. शिकार करणारी पाणअस्वलं एकाहून जास्त वंशांत आहेत, म्हणजे एवढ्यावरून नाव ठरत नाही. पण शंका आली, आणि पहिल्यांदाच तोंड आणि नख्या नीट पाहायचं ठरवलं.

तेही सहजी जमलं नाही. ४०खाली प्राणी हलला की फोकस गेला. कव्हरस्लिप दाबली तर चिरडतं, सैल ठेवली तर पळतं. चारही कोपऱ्यांना व्हॅसलिनचे ठिपके लावून, टिश्यूच्या टोकानं पाणी टिपत टिपत मी अर्धा तास घालवला. तेवढ्यात जेवायला हाक आली, स्लाइड तशीच राहिली. परत येऊन पाहतो तर अस्वल फुगून ताठ, आठही पाय ताणलेले, हालचाल शून्य. मेलं असं वाटलं. खरं म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की पाणअस्वलं अशी फुगतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र मला हवं होतं नेमकं तेच समोर होतं: नख्या फोकसमध्ये, स्थिर.

प्रत्येक पायावर नखीची एक लांब, केसासारखी बारीक फांदी, आणि तिच्यापासून सुटी, आखूड, जाड, आकड्यांची दुसरी. मॅक्रोबायोटसच्या फांद्या बुडाशी जुळलेल्या असतात, वाय अक्षरासारख्या. तोंडाभोवती बोटांसारखे उंचवटे, मधली नळी ऐसपैस रुंद. घशाचा फुगा नितळ, मॅक्रोबायोटसच्या फुग्यात दिसतात त्या काड्या यात नाहीत. आतड्यात रोटिफरच्या जबड्यांच्या दोन चकत्या पडलेल्या, शाबूत. हे मिल्नेशियम, पाणअस्वलांचा वेगळाच वंश. कव्हरस्लिप उचलून ताजं पाणी दिलं, आणि तासाभरात स्वारी पाय झाडायला लागली.

मग जुने व्हिडिओ काढून बसलो. सदतीसपैकी एकातही नख्या स्पष्ट नाहीत. सगळे पाठीवरून घेतलेले, गोंडस चालीचे. त्यात मिल्नेशियम किती आणि मॅक्रोबायोटस किती, आता काही सांगता येत नाही. म्हणून काट मारली. आता वहीत 'नख्या', 'तोंड' आणि 'घसा' असे तीन रकाने आखलेत, तिन्ही भरले नाहीत तर नाव लिहायचं नाही.

आणि मिल्नेशियमच्या पुढे, जातीच्या जागी, रेघ. १८४० साली वर्णन झालेल्या मिल्नेशियम टार्डिग्रेडमच्या नावावर जगभरातलं काहीही खपत होतं. २०१२मध्ये त्या जातीचं नव्यानं काटेकोर वर्णन झालं, तेव्हापासून त्यातून वेगवेगळ्या जाती सुट्या होत आहेत. माझ्या ४०च्या भिंगानं त्या वादात पडण्यात अर्थ नाही.

रोटिफरच्या बाबतीत गाडी थोडी पुढे सरकलीय. पायाची बोटं मोजायची असतात: फिलोडिनाला चार, रोटारियाला तीन. पण प्राणी ती दाखवतो फक्त पाय उचलून पुढे टेकवतो त्या क्षणाला, एरवी ती आत ओढलेली. मोबाइलवर संथ गतीचा व्हिडिओ घेऊन एकेक चित्र पुढे ढकलत बघायचं, दुसरा उपाय मला सापडलेला नाही. डोळे जास्त सोपे. पाषाण तलावाच्या पाण्यातल्या एकाचे दोन लाल ठिपके थेट सोंडेच्या टोकाशी होते आणि पोटात आईसारखेच जबडे हलवणारं पिल्लू. रोटारिया, शंका नाही. मॉसमधल्यांपैकी काहींच्या पोटात अन्नाच्या गोल गोळ्या दिसतात, ते हाब्रोट्रोका असावेत; बोटं मोजेपर्यंत नाव पेन्सिलीनं. पावसाच्या पन्हळीतला वाळका गाळही भिजवून पाहिला. १७०२ साली लेवेनहुक या डच सूक्ष्मदर्शकवाल्यानं डेल्फ्ट गावात असाच गाळ भिजवून त्यातले जिवंत झालेले प्राणी पाहिले होते. आमच्या पन्हळीत रोटिफर भरपूर, अस्वल एकही नाही.

त्याच पाषाणच्या थेंबात सायक्लॉप्स हा कोळंबीच्या जातकुळीतला बारीक प्राणीही होता, एका लाल डोळ्याचा, दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या घेऊन धक्के मारत पोहणारा. आईला दाखवला आणि नारूचा वाहक हाच म्हणून सांगितलं, तर ती चटकन भिंगापासून मागे झाली. तिच्या आजोळी पायातून नारू निघाला की काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढत, मधे तुटू नये म्हणून श्वास रोखून बसायचे. पाणी फडक्यानं गाळून प्यायचं ते याच्याच भीतीनं. २०००मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला; सायक्लॉप्स मात्र आहे तिथेच आहे.

२ ऑक्टोबरला एक रिकामी कात सापडली, नख्यांसकट, आणि आत पाच गोल, गुळगुळीत अंडी. मॅक्रोबायोटस नक्षीदार अंडी मोकळीच सोडतं. कातेत अंडी घालण्याची मिल्नेशियमची रीत आहे, आणि कातेवरच्या नख्याही तेच म्हणतात. कात वेगळ्या बशीत ठेवलीय, झाकण घालून, रोज पावसाच्या पाण्याचे दोन थेंब. आज आठवा दिवस. पाचपैकी दोन अंड्यांत तोंडाची नळी स्पष्ट दिसतेय, एकात ती मघाशी हललीसुद्धा. मोबाइल क्लॅम्पला लावून ठेवलाय, चार्जरसकट.