जंताचं औषध लागू पडेना, तेव्हा आम्ही लेंड्या तपासून आणल्या

गेल्या भादव्यात बारा दिवसांत आमच्या वाड्यातली पाच मेंढरं गेली. पाचही मेंढरांना तीनच आठवड्यांपूर्वी जंताचं औषध पाजलं होतं, आणि ते मी माझ्या हातानं पाजलं होतं.

आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडे. वाड्यात बासष्ट मेंढरं, त्यातली वीसेक माडग्याळी रक्ताची. दिवाळीनंतर मामा आणि दीर कळप घेऊन खाली उसाच्या पट्ट्यात जातात, पावसाळ्यात परत येतात. घरी असताना औषधपाणी माझ्याकडे.

आधी एक मेंढी मागं राहायला लागली. चार पावलं चालली की उभी. संध्याकाळी चरून आली की जबड्याखाली लिंबाएवढी पाण्याची पिशवी लोंबायची, सकाळी ती ओसरलेली असायची. लेंडी मात्र घट्ट, नेहमीसारखी. पोट बिघडलेलं नाही म्हणजे जंत नाहीत, असंच आम्ही आधी धरून चाललो. पण मेंढरं मरतच राहिली, तेव्हा मामा म्हणाले, "आवशद बोगस हाय. दुकान बदल." मलाही तेच वाटलं. दुसऱ्या दुकानातून वेगळ्या नावाची, वेगळ्या रंगाची बाटली आणली, सगळ्या कळपाला पाजली. तरी सहावी गेली.

तिला पुरू दिलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला, ते आले आणि त्यांनी बांधावरच तिचं पोट उघडलं. मेंढीच्या पोटाचे चार कप्पे. चौथ्या कप्प्यातलं पाणी त्यांनी आमच्या जुन्या परातीत ओतलं. पाण्यात केसाएवढे बारीक दोरे वळवळत होते. बोटाच्या पेराएवढे लांब, लाल आणि पांढरा पीळ घातलेले. लाल ते मेंढीचं रक्त आणि पांढरी त्या मादीची अंडाशयं, असं डॉक्टरांनी सांगितलं. हिमोंकस नावाचा हा जंत. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली रक्त पितो, म्हणजे हजार जंत झाले की रोजचं 50 मिली गेलं. तीस किलोच्या जनावरात असं किती रक्त असणार? म्हणून हगवण न लागताच मेंढरू पांढरं पडून मरतं. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीतून गवतावर जातात, अळ्या दवाबरोबर गवताच्या शेंड्यावर चढतात, आणि पोटात गेल्यावर तीनेक आठवड्यांत त्यांची स्वतःची अंडी सुरू होतात.

मी दोन्ही बाटल्या दाखवल्या. एकीत अल्बेंडॅझोल, दुसरीत फेनबेंडॅझोल. डॉक्टर म्हणाले, "ताई, ही दोन सख्खी भावंडं आहेत. एकाला न मरणारा जंत दुसऱ्यालाही सहसा मरत नाही." कंपनी बदलली, रंग बदलला, किंमत बदलली, पण औषधाचा गट तोच राहिला होता. आमच्या घरात सात-आठ वर्षं हाच एक गट चालला होता, दर दोन महिन्यांनी, सगळ्या कळपाला.

"पण खरंच औषध लागू पडत नाही की तुमचं पाजणं चुकतंय, ते मोजल्याशिवाय कळायचं नाही," असं ते म्हणाले, आणि तिथून आमचा दीड महिन्याचा खटाटोप सुरू झाला.

पहिलं काम वजनाचं. दिरांनी आंब्याच्या फांदीला ताणकाटा टांगला, पोत्याची झोळी केली आणि आम्ही एकेक मेंढी उचलली. त्या दिवशी मला खरोखर धक्का बसला. मी सगळ्यांना सरसकट 7 मिली पाजत होते. आमच्या औषधात एका मिलीला 25 मिलिग्रॅम, आणि डॉक्टरांनी धरलेला डोस किलोमागे 7.5 मिलिग्रॅम. म्हणजे 7 मिली पुरतं ते तेवीस किलोच्या मेंढीला. आमच्या थोरल्या मेंढ्या 38 किलो भरल्या, त्यांना 11 मिलीच्या वर लागत होतं. इतकी वर्षं त्यांच्या पोटातले अर्धवट सोशीक जंत मी जगवत आले होते.

डॉक्टरांनी आधी सगळ्यांच्या डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. अगदी पांढऱ्या पडलेल्या नऊ मेंढरांना चाचणीत घेतलं नाही, त्यांना लगेच क्लोसँटेल हे वेगळ्या गटातलं औषध दिलं. नुकत्या फळलेल्या मेंढ्याही वगळल्या, कारण पहिल्या महिन्यात अल्बेंडॅझोल गर्भाला बाधतं. उरलेल्यांतून तीस निवडल्या आणि दहा-दहाचे तीन गट केले. एका गटाच्या पाठीवर गेरूचा पट्टा, त्याला वजनाप्रमाणे पूर्ण डोसात अल्बेंडॅझोल. दुसऱ्याला निळीचा पट्टा, त्याला लेव्हामिसोल, म्हणजे वेगळ्या गटातलं औषध. तिसऱ्याला काहीच नाही. पाजायच्या आधी लेंडी घ्यायची आणि चौदा दिवसांनी त्याच मेंढीची पुन्हा घ्यायची.

लेंडी जमिनीवरची चालत नाही. कुणाची ते कळत नाही, आणि मातीतल्या किड्यांची भेसळ होते. हातमोज्याच्या बोटाला साबणाचं पाणी लावून आतूनच काढायची, पिशवीतली हवा दाबून गाठ मारायची, वर बिल्ल्याचा नंबर लिहायचा. पहिल्या वेळी तीस पिशव्या मी साध्या पिशवीत घालून तपासायला शिरवळच्या महाविद्यालयात, तिकडं जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे दिल्या. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोचल्या. उकाड्यात अंडी फुटून अळ्या निघाल्या होत्या, मोजणार काय? औषध अजून पाजलं नव्हतं हे नशीब. पुन्हा तीस मेंढ्या धरल्या. या वेळी दवाखान्यातून लसीचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या मागून घेतल्या आणि पहाटेच्या एसटीनं मी स्वतः निघाले. दहिवडी, फलटण, लोणंद, शिरवळ. डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात लेंडी तपासतात. तिथल्या मॅडमनी लेंडी वजन करून मिठाच्या दाट पाण्यात कालवली आणि गाळली. त्या पाण्यात अंडी वर तरंगतात. ते पाणी खाचांच्या काचेत भरून त्या एकेक अंडं मोजत होत्या. मलाही सूक्ष्मदर्शकातून बघायला दिलं. लांबट, पातळ कवचाची अंडी, आत द्राक्षाच्या घोसासारख्या पेशी. एका रेघेत सात दिसली. काचेत दिसलेला आकडा पन्नासनं गुणायचा, की एका ग्रॅम लेंडीतली अंडी मिळतात.

चौदा दिवसांनी पुन्हा हाच प्रवास केला. मग कागद हातात आला. काहीच न पाजलेल्या गटाची सरासरी 1,750 वरून 1,900 झाली होती. लेव्हामिसोलच्या गटाची 1,850 वरून 50. आणि अल्बेंडॅझोलची, पूर्ण डोस देऊनसुद्धा, 1,900 वरून 1,050. म्हणजे घट 45 टक्के. औषध लागू आहे म्हणायला निदान 95 टक्के घट लागते. दुकानदाराचा दोष नव्हता. जंतच त्या औषधाला पुरून उरत होते.

आणि हे फक्त आमच्या माळावरचं नाही. या गटातलं पहिलं औषध थायाबेंडॅझोल, ते 1961 साली आलं. 1964 सालीच अमेरिकेत मेंढ्यांतले हे जंत त्याला दाद देत नसल्याची नोंद झाली होती. तीन वर्षांत! हे आमच्यापर्यंत कुणी पोचवलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

खरी अडचण पुढं आली. डॉक्टर म्हणाले, यापुढं सगळ्या कळपाला पाजायचं नाही, गरज असेल तिलाच पाजायचं. मामा उठूनच गेले. "निम्म्या मेंढरांत जंत तसंच ठिवायचं? ह्ये कसलं डाक्टर?" दोन दिवस त्यांनी विषय काढू दिला नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा आले, चहा घेतला आणि मामांना विचारलं, तुम्ही एडका कसा निवडता? मामा रंगून बोलायला लागले. उंची बघतो, नाक बघतो, त्याच्या आईचं दूध बघतो, बाकीचे विकून टाकतो. डॉक्टर म्हणाले, "जंतांच्या बाबतीत तुमचं औषध हेच करतंय. दर वेळी सगळ्यांना पाजता, तेव्हा औषधानं मरणारे सगळे मरतात आणि न मरणारेच बेण्याला राहतात. काही मेंढ्यांत साधे जंत राहू द्या. त्यांची अवलाद न मरणाऱ्यांच्या अवलादीत मिसळत राहील, मग बेणं इतक्या लवकर पक्कं होणार नाही."

मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बेण्याचं म्हणता व्हय."

आता पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आम्ही पापण्या बघतो. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला फामाचा नावाचा पाच रंगांचा तक्ता आहे, लाल ते पांढरा. वरची पापणी अंगठ्यानं हळूच दाबायची आणि खालची खाली ओढायची, की आतला रंग दिसतो. सावलीत बघायचं नाही, उन्हात बघायचं. चौथा-पाचवा रंग दिसला की औषध, लहान कोकरं आणि व्यालेल्या मेंढ्या असतील तर तिसऱ्यालाही. औषध वजनाप्रमाणे आणि जिभेच्या मागच्या बाजूला सोडायचं, नाहीतर अर्धं बाहेर येतं. दव सुकल्याशिवाय कळप सोडत नाही. पाटाच्या बांधावरचं कोवळं गवत दिसलं की मेंढरं तिकडंच धावतात, त्यांना आवरणं हे सगळ्यात कठीण काम आहे, आणि ते आम्हाला अजून पुरतं जमलेलं नाही. या पावसाळ्यात एक कोकरू गेलं. मोठं मेंढरू एकही गेलं नाही.

परवा दीर आटपाडीच्या बाजारातून नवीन एडका घेऊन आले. उंच, पोपटाच्या चोचीसारखं नाक, मामांना फार आवडला. पण मामांनीच त्याला घरामागच्या शेडात वेगळा बांधला. वेगवेगळ्या गटांची दोन औषधं त्याला दिली आहेत. चौदा दिवसांनी त्याची लेंडी शिरवळला न्यायची आहे, त्यासाठी लसीचा डबा मी आताच सांगून ठेवलाय.