आधी भाच्याचा रिपोर्ट, मग आम्हा बहिणींची तपासणी : माझा अनुभव

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार, याचं निदान झालं ताईच्या मुलाला, पण शेवटी तपासणीसाठी रक्त आम्हा बायकांनाही द्यावं लागलं. यातला क्रम चुकला की पैसे जातात आणि महिनेही, म्हणून डिचोलीहून हे लिहितेय.

मूल जमिनीवरून उठताना हात टेकतं, मग हात गुडघ्यांवर, मांड्यांवर चढवत सरळ होतं. पोटऱ्या भरदार दिसतात, घरच्यांना कौतुक वाटतं. तिथे स्नायूची जागा चरबीने घेतलेली असते. आमचे पहिले काही महिने यकृताच्या सिरपांत गेले, कारण एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीत मोजतात ते एन्झाइम, वाढलेलं होतं. एसजीपीटी आणि त्याच्या जोडीचं एसजीओटी स्नायूंतूनही रक्तात येतात. अशा वेळी जीजीटी (यकृताचं एन्झाइम) आणि सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) एकदम करून घ्यावं. जीजीटी नॉर्मल आणि सीपीके हजारांत, म्हणजे दुखणं यकृताचं नव्हे. एरवी दोनशेच्या आसपास असणारं सीपीके या मुलांत दहा-वीस हजार सहज निघतं.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवल्यावर जनुक तपासणी ठरली. जांभळ्या बुचाची नळी, तीनेक मिली रक्त, उपाशीपोटी जायची गरज नाही. नमुना गोव्याबाहेर जातो, रिपोर्टला काही आठवडे लागतात. पहिली चाचणी एमएलपीए. डिस्ट्रॉफिन हे स्नायूला टिकवणारं प्रथिन, त्याच्या जनुकात ७९ एक्झॉन, म्हणजे तुकडे, असतात. त्यांतले कुठले गळालेत किंवा दुप्पट झालेत ते ती दाखवते, आणि बहुतेक मुलांत दोष तिथेच सापडतो. नाही सापडला तर सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुक अक्षर-अक्षर वाचणं. एकच एक्झॉन गळालेला दिसला तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्या. त्या जागी साधा निरुपद्रवी फरक असला तरी चाचणी फसते. आमच्याकडे ४५ ते ५० गळालेले निघाले. हा आकडा पाठ करून ठेवावा, पुढची सगळी तपासणी त्याच्यावर चालते.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाकडे एक्स एकच, तो बिघडला की पर्याय नाही. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स बंद असतो, कुठला ते नशिबावर. स्नायूचा तंतू अनेक पेशी जुळून बनतो, त्यामुळे चांगल्या एक्सने केलेलं डिस्ट्रॉफिन बऱ्याच भागाला पुरतं. पण चांगलाच एक्स जास्त पेशींत बंद झाला, तर मुलीलाही अशक्तपणा येतो. आणि वाहक बाईचं, म्हणजे दोनांपैकी एका एक्सवर दोष असलेल्या बाईचं, हृदय पुढे कमकुवत होऊ शकतं. “मुलींना काही होत नाही” हे डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं, ते अर्धवट आहे. वाहक ठरल्यावर ताईचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. तो दर काही वर्षांनी करत राहायचा.

वाहक तपासणीत खरी मेख इथे आहे. मुलात गळालेला एक्झॉन शून्य दिसतो. बाईत दुसरा एक्स ती जागा भरतो, म्हणून माप अर्धं येतं. एक्झॉन नुसता आहे-नाही एवढंच सांगणारी जुनी पीसीआर चाचणी तिला बिनदिक्कत नॉर्मल ठरवते. मोजमाप करणारी एमएलपीएच मागा, आणि मुलाच्या रिपोर्टची प्रत सोबत द्या. नॉर्मल सीपीकेवर विसंबू नका, कितीतरी वाहकांचं ते नॉर्मलच असतं.

चवथीला माणसं जमली की “आईकडून आलं” हे वाक्य येतंच. साधारण तिघांपैकी एका मुलात दोष नव्यानेच झालेला असतो, आई वाहक नसते. तरी रक्तात दोष नसला म्हणून पुढच्या गर्भाची चिंता पूर्ण मिटत नाही. काही बीजांडांतच तो असू शकतो. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजाराची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी.

गर्भलिंग तपासणीवरच्या १९९४ च्या कायद्यामुळे गर्भाची ही चाचणी होत नाही, असं मला एका ठिकाणी सांगितलं गेलं. चूक. लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी कायद्यातच मान्य आहे. वारेचा नमुना ११ ते १३ आठवड्यांत घेतात, गर्भजलाचा १६ नंतर. त्याआधी आईचा रिपोर्ट हातात हवा. दिवस राहिल्यावर धावाधाव केली तर आठवडे पुरत नाहीत.

भाची नऊ वर्षांची. तिची वाहक चाचणी आत्ता करायची नाही, ते तिने मोठी झाल्यावर ठरवायचं. भावाच्या रिपोर्टची एक प्रत तिच्या जन्मदाखल्याच्या फाइलीत ठेवली आहे.