लाइट गेली-आली तरी ‘रेडी’ होणारा वर्कर नोड

मे-जूनमध्ये नागपुरात वादळी पाऊस आला की लाइट जाते. परत आल्यावर ऑफिसातली सगळी मशीन सुरू होतात, पण कुबरनेटीसचा (अनेक मशीनवर मिळून कंटेनर चालवणारी प्रणाली) एखादा वर्कर, म्हणजे काम करणारं मशीन किंवा नोड, ‘नॉटरेडी’वर अडकून बसतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं: नोड लावताना केलेली सेटिंग तेवढ्यापुरती होती, रीबूटमध्ये ती पुसली गेली. म्हणून क्यूबअ‍ॅडमने (कुबरनेटीसचा क्लस्टर उभारण्याचं साधन) उबुंटूवर वर्कर लावताना प्रत्येक सेटिंग दोनदा करायची, एकदा आत्तासाठी आणि एकदा रीबूटसाठी.

आधी मशीन. क्यूबअ‍ॅडम किमान २ जीबी रॅम मागतं, पण तेवढ्यात कामाचं काही चालत नाही. लहान ऑफिससाठी ४ कोर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेली ३ मशीन घ्या. भार एकूण क्षमतेच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे एक मशीन बंद पडलं तरी उरलेली दोन तो पेलतील. तिन्ही एकाच यूपीएसवर लावू नका. वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सेटिंग बायोसमध्ये असते, ती चालू करा. जुना डेस्कटॉप वापरणार असाल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलाच. सेल संपलेला असला की लाइट आल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं, सर्टिफिकेटची मुदत ‘अजून सुरूच झालेली नाही’ असं ठरतं आणि क्यूबलेट (प्रत्येक नोडवर कंटेनर सांभाळणारा कुबरनेटीसचा प्रोग्रॅम) एपीआय सर्व्हरशी, म्हणजे क्लस्टरच्या मुख्य केंद्राशी, बोलू शकत नाही. सोबत घड्याळ नेटवर्कवरून जुळवणारं क्रोनी टाका. आयपी स्थिर द्या, कारण राउटर बरेचदा मशीनपेक्षा उशिरा सुरू होतो. आणि पारा ४५च्या वर गेला तरी सर्व्हरच्या खोलीत कूलर नको. दमट हवा आणि धूळ दोन्ही मशीनला मारक आहेत. तिथे एसीच हवा.

स्वॅप (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) हे सगळ्यात नेहमीचं दुखणं. स्वॅपऑफ कमांडने तो आत्तापुरता बंद होतो, पण एफएसटॅब फाइलमधली स्वॅपची ओळ तशीच राहिली तर रीबूटनंतर तो परत येतो आणि क्यूबलेट डिफॉल्ट सेटिंगवर सुरू व्हायलाच नकार देतो. त्या ओळीपुढे हॅश टाका.

मग कर्नलची दोन मॉड्यूल: ओव्हरले (कंटेनरच्या फाइलींसाठी) आणि बीआर-नेटफिल्टर (ब्रिजवरची रहदारी आयपीटेबल्सला, म्हणजे कर्नलच्या पॅकेट-नियमांना, दिसावी म्हणून). मॉडप्रोबने ती लगेच चढतात. रीबूटसाठी त्यांची नावं मॉड्यूल्स-लोड-डॉट-डी फोल्डरमधल्या फाइलीत लिहावी लागतात. आयपी-फॉरवर्ड आणि ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स या दोन्ही किमती १ करून सिसकंट्रोल-डॉट-डी (sysctl.d) फोल्डरमध्ये ठेवा.

बीआर-नेटफिल्टर राहून गेलं तर होणारा बिघाड फार फसवा असतो. पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) १०.९६.०.१० या सर्व्हिसच्या पत्त्यावर डीएनएस विचारतो, क्यूब-प्रॉक्सीचा (सर्व्हिसचे पत्ते पॉडकडे वळवणारा भाग) नियम ती विचारणा कोअरडीएनएसच्या, म्हणजे क्लस्टरमधल्या डीएनएस सर्व्हरच्या, पॉडकडे वळवतो. दोन्ही पॉड एकाच नोडवर असले तर उत्तर ब्रिजवरूनच परत येतं, आयपीटेबल्सला ते दिसतच नाही, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता पूर्ववत होत नाही. विचारलं एकाला, उत्तर आलं दुसऱ्याच पत्त्यावरून. पॉड ते फेकून देतो. म्हणजे इतर नोडवर डीएनएस चालतं, आणि नेमकं कोअरडीएनएस जिथे आहे तिथेच अडतं. पॉडचं नेटवर्क जोडणाऱ्या फ्लॅनेलच्या नव्या आवृत्त्या हे मॉड्यूल नसेल तर सुरूच होत नाहीत, ते एका अर्थी बरंच आहे.

कंटेनर-डी (कंटेनर प्रत्यक्ष चालवणारा रनटाइम) डॉकरच्या रेपॉझिटरीतून घेतलं तर त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये सीआरआय प्लगइन, म्हणजे क्यूबलेट ज्यातून त्याच्याशी बोलतो ते, बंद असतं. ‘कंटेनर-डी कॉन्फिग डिफॉल्ट’ने नवी फाइल तयार करा, तीत सिस्टमडी-सीग्रुप (मेमरी-सीपीयूची वाटणी सिस्टमडीकडे देणारी सेटिंग) ‘ट्रू’ करा आणि सेवा रीस्टार्ट करा. हे चुकलं की क्यूबलेट आणि कंटेनर-डी मेमरीचा हिशेब वेगवेगळा ठेवतात आणि भार वाढला की पॉड पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतात.

क्यूबलेट आणि क्यूबअ‍ॅडम कंट्रोल प्लेनच्याच (क्लस्टर चालवणाऱ्या मुख्य मशीनच्याच) आवृत्तीचे टाका. क्यूबलेट एपीआय सर्व्हरपेक्षा नवा कधीच चालत नाही. एपीटी-मार्क होल्डने दोन्ही पॅकेज अडकवून ठेवा. व्हीएम क्लोन केली असेल तर होस्टनेम, मॅक आणि प्रॉडक्ट यूयूआयडी वेगळे आहेत ना ते बघा. फायरवॉलमध्ये वर्करवर टीसीपी १०२५० आणि ३०००० ते ३२७६७ उघडा. फ्लॅनेल असेल तर यूडीपी ८४७२सुद्धा. वर्करला क्लस्टरमध्ये घेणारं जॉइनचं टोकन २४ तासांत संपतं, तेव्हा कंट्रोल प्लेनवर ‘टोकन क्रिएट’ला ‘प्रिंट-जॉइन-कमांड’ जोडून पूर्ण कमांड नव्याने काढा.

यूपीएस संपत आल्यावर मशीन नीट बंद व्हावं म्हणून क्यूबलेटच्या कॉन्फिगमध्ये शटडाउन-ग्रेस-पीरियड ३० सेकंद आणि महत्त्वाच्या पॉडसाठीचा त्यातला हिस्सा १० सेकंद ठेवा. डिफॉल्ट शून्य असतं, म्हणजे पॉडना आवरायला वेळच मिळत नाही.

खरं काम सोपवण्याआधी एका वर्करची विजेची वायर १० मिनिटं काढून ठेवा. मिनिटभरात तो ‘नॉटरेडी’ दिसेल, त्यानंतर ३०० सेकंदांनी डिप्लॉयमेंटचे पॉड दुसऱ्या नोडवर तयार होऊ लागतील. वायर लावल्यावर हात न लावता तो ‘रेडी’ झाला पाहिजे. मग स्वॅप शून्य आहे का, एलएसमॉडमध्ये दोन्ही मॉड्यूल दिसतात का आणि त्या नोडवरच्या पॉडमधून डीएनएस लागतं का, एवढं तपासून पुढच्या मशीनकडे वळा.