आमची वाटचाल : पाटी, पंचांग आणि भिंग

पुण्यातलं आमचं काम लहान आहे. पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंकांची मांडणी, अधूनमधून दुकानांच्या पाट्या. प्रत्येक मुखपृष्ठाला नवी कल्पना लागते, आणि ती सुचेपर्यंत वाट पाहत बसणं छोट्या व्यवसायाला परवडत नाही. म्हणून रोज काही ना काही पाहायचं, मोजायचं आणि टिपून ठेवायचं, ही पद्धत हळूहळू बसत गेली.

सुरुवातीला साठा होता फोनमधल्या फोटोंचा. तो वाढत गेला आणि वापरात मात्र येईना. फोटो काढताना नेमकं काय आवडलं हे लिहिलेलं नसे: अक्षराचं वळण, रंगांची जोडी की मोकळी सोडलेली जागा? शिवाय तिरप्या कोनातून काढलेल्या फोटोत अक्षराची उंची-रुंदी बिघडते, आणि पिवळ्या दिव्याखाली पांढरा कागद तांबूस दिसतो. अशा फोटोवरून माप घेता येत नाही आणि रंगही ठरवता येत नाही.

मग आली कार्डं. साधं १५ × १० सेंमीचं जाड कार्ड. पुढच्या बाजूला पेन्सिलीचं रेखाटन किंवा कात्रण, मागे पाच ओळी: कुठे दिसलं, काय दिसलं, माप किती, का जमलं, कुठे वापरता येईल. चौथी ओळ सगळ्यात अवघड आणि तीच कामाची. ‘छान आहे’ असं लिहिलेलं कार्ड खोक्यात जात नाही. ‘शिरोरेषा जाड, उभा दंड बारीक, म्हणून नाव दुरून आडव्या पट्ट्यासारखं दिसतं’ असं लिहिलेलं जातं. दिवसाला एक कार्ड, वेळ वीस मिनिटं. फोटो घ्यावाच लागला तर समोरून, दिवसाच्या उजेडात, चौकटीत १५ सेंमीची पट्टी ठेवून.

सर्वाधिक कार्डं पाट्यांची आहेत. हाताने रंगवणारे पेंटर खडूचा दोरा ताणून आधी शिरोरेषेची ओळ मारतात आणि मग अक्षरं खाली लोंबती ठेवतात. देवनागरीचा तोल असा वरून खाली येतो. पडद्यावर काम करताना हे विसरायला होतं, कारण सॉफ्टवेअर अक्षरं खालच्या रेषेवर बसवतं. शीर्षक दोन ओळींत असलं की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. अशा वेळी ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या दीडपट धरून सुरुवात करायची, आणि मग जिथे टक्कर होत नाही तिथे कमी करत जायचं. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच ठेवायचं. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते.

तुटलेली शिरोरेषा पाहायची तर जुनी खिळेछपाईची, म्हणजे धातूची सुटी अक्षरं (खिळे) जुळवून छापलेली, पुस्तकं भिंगाखाली धरावीत. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची पुस्तकं रद्दीत किंवा जुन्या ग्रंथालयांत अजून सापडतात. जावजी दादाजींच्या या छापखान्यासाठी खिळ्यांचे साचे कोरले राणोजी रावजी आरू यांनी. दोन खिळे जिथे भेटतात तिथली फट दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून दिसते, आणि इतके जोड असूनही पान एकसंध कसं राहिलं हेही कळतं. असं एक पान तासभर पाहिलं की फॉन्ट निवडताना नजर आपोआप कडक होते.

फॉन्टच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. बऱ्याच युनिकोड फॉन्टांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणाची रूपं मूळ धरलेली असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली की मराठी रूपं येतात, पण फॉन्टात ती मुळात असावी लागतात. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर (अक्षरं जुळवण्याची सोय) निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलत्या जागी बसतात. आणि ‘दऱ्या’मधला अर्धा ऱ नीट टाइप झाला नाही तर मुखपृष्ठावर ‘दर्या’ छापला जातो, डोंगराच्या पुस्तकावर समुद्र. हे प्रुफात तपासायला वेगळी फेरी ठेवावी. अर्थ वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं.

हाताने रेखाटलेल्या अक्षरांसाठी कमल शेडगे यांच्या नाटकांच्या जाहिराती हाच आमचा अभ्यासक्रम. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणातच उतरवायचा, सोबत चित्राची गरज भासू द्यायची नाही, हे त्यांच्याकडून शिकावं. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केलं. त्या काळचे दिवाळी अंक हाती आले तर मुखपृष्ठाच्या किती भागात चित्र, किती भागात नाव आणि किती जागा मोकळी, हे ट्रेसिंग कागदावर चौकोन पाडून मोजावं. नुसतं भारावून जाण्यापेक्षा हे मोजमाप पुढच्या कामाला उपयोगी पडतं.

भिंग चित्रांसाठीही लागतं. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातली जुनी चित्रं शिळाछपाईची आहेत, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. भिंगातून त्या चित्रांत अनियमित, हाताने भरलेले ठिपके दिसतात. आजच्या ऑफसेट नकलेत चार रंगांच्या ठिपक्यांची फुलासारखी नियमित जाळी दिसते. त्वचेचा रंग जुन्या छपाईत इतका मऊ का, याचं उत्तर तिथे आहे: वेगवेगळ्या रंगछटांचे एकावर एक थर.

संग्रहालयात आम्ही एका वेळी एकच चित्र घेतो. औंधच्या भवानी संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तीस चित्रं पाहून आलं की हाती काही लागत नाही. एका चित्रासमोर चाळीस मिनिटं, ६ × ४ सेंमीची तीन रेखाटनं, फक्त काळा, करडा आणि पांढरा. पहिल्यात प्रसंग येतो, दुसऱ्यात आकार. तिसऱ्यापर्यंत चित्राची रचना उघडी पडते, आणि कार्डावर जातं ते तिसरंच.

कापडांच्या कार्डांवर मात्र लाल खूण असते. खणाच्या किंवा पैठणीच्या धूपछांव पोतात ताणा (उभा धागा) एका रंगाचा आणि बाणा (आडवा धागा) दुसऱ्या, त्यामुळे हलवताना रंग बदलतो. कागदावरचा सपाट रंग तसा हलत नाही. राणी गुलाबी आणि पोपटी चार रंगांच्या छपाईत मळकट होतात. तो रंगच मुखपृष्ठाचा जीव असेल तर पाचवी, वेगळी कालवलेली शाई आणि वेगळी प्लेट लागते. खर्च वाढतो, तेव्हा प्रकाशकाला आधीच सांगावं.

‘कालनिर्णय’चं एखादं पान प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्या आठवड्यात मोजायला देतो. १९७३ पासून घरोघरी भिंतीवर असलेल्या त्या पानात तारीख, तिथी, सण असं सगळं एका चौकोनात मावतं आणि तरी तारीख लांबून दिसते. कोणत्या मापाची अक्षरं किती आहेत, हे लिहून काढायचं.

नवं काम आलं की आधी खोकं उघडतं. हस्तलिखित वाचून झाल्यावर बारा कार्डं बाहेर काढायची, त्यातली तीन ठेवायची, त्यावरून सहा छोटे आराखडे. निवडलेला आराखडा २० मिमी रुंद छापून हात लांब करून पाहायचा. पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानात मुखपृष्ठ साधारण तेवढंच दिसतं, आणि नाव तिथे वाचता आलं नाही तर आराखडा बाद.

कण्याचं, म्हणजे पुस्तकाच्या पाठीच्या जाडीचं, माप सगळ्यात शेवटी, कोऱ्या कागदाच्या डमीवरून (नमुना पुस्तकावरून). २४० पानं म्हणजे सोळापानी १५ फर्मे (एकत्र छापून दुमडलेले गठ्ठे), दोन्ही बाजू धरून कागदाची १२० पत्रं. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो कागदाचं एक पत्र ०.०९ मिमी धरलं तर कणा सुमारे ११ मिमी, पण गिरणीगणिक जाडी बदलते. म्हणून ज्या कागदावर पुस्तक छापायचं त्याचीच डमी मागवतो, आणि कण्यावरचं नाव दोन्ही कडांपासून किमान २ मिमी आत ठेवतो.