निवडणुकीतली शस्त्रबंदी आणि शेतीसंरक्षणाची बंदूक : अर्जापासून परतीपर्यंत माझा अनुभव

निवडणूक जाहीर झाली की दोन-चार दिवसांत बीट अंमलदाराचा फोन येतो, "बंदूक आणून जमा करा." सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाचे परवाने असलेल्या घरांना हे नवीन नाही. बहुतेक जण त्याच आठवड्यात बंदूक गोणपाटात गुंडाळून ठाण्यात देऊन येतात. २०२४ मध्ये हे दोनदा झालं. लोकसभेची घोषणा १६ मार्चला झाली आणि निकाल ४ जूनला लागला. काजू-आंब्याचा अख्खा हंगाम त्यात गेला. विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबरला, निकाल २३ नोव्हेंबरला. भात पिकून वाकायला लागलेलं असतं तेव्हापासून मळणी आटपेपर्यंतचे हे दिवस. रानडुकरांचा कळप कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, शिरला की खातो थोडं आणि लोळवतो जास्त. सकाळी उरतो तो चिखलात गेलेला पेंढा.

लोकसभेच्या वेळी माझा अर्ज वाया गेला. विधानसभेच्या वेळी बंदूक जमा करण्यातून सूट मिळाली आणि ती शेतापर्यंत नेण्याची परवानगीही अटींसह मिळाली. दोन्ही वेळी शेत तेच होतं, बंदूकही तीच. फरक अर्जात होता.

पहिल्या वेळी माझी चूक अशी झाली की वेगवेगळे आदेश मी एकच समजलो. निवडणुकीत परवानाधारकावर दोन बंधनं येतात आणि त्यांचे रस्ते वेगळे आहेत. पहिलं बंधन बंदूक जमा करण्याचं. ते छाननी समितीच्या निर्णयावरून, व्यक्तीच्या नावाने निघालेल्या नोटिशीने येतं. दुसरं बंधन बंदूक घेऊन फिरण्यावरचं. तो जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा सर्वांसाठीचा मनाई आदेश असतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खालची शस्त्रबंदी असते. ती सणावाराला, आंदोलनांच्या दिवसांत वर्षभर निघत असते, सहसा पंधरा-पंधरा दिवसांची, आणि तिच्यात बंदुकीबरोबर तलवारी, भाले, लाठ्याही येतात. जमा करण्यातून सूट मिळाली म्हणून बंदूक खांद्याला लावून रस्त्याने जाता येत नाही. घरात ठेवायची मुभा मिळाली, एवढाच तिचा अर्थ. शेत घराला लागून असेल तर तेवढ्यानेही भागतं. मधे ग्रामपंचायतीचा रस्ता ओलांडायचा असेल तर दुसरा अर्ज लागतोच.

जमा करण्याबाबतचा कायदा आपल्या बाजूला बराच स्पष्ट आहे, आणि तो मुंबई उच्च न्यायालयातूनच आलेला आहे. रिट याचिका क्र. २००९/२००९ मध्ये सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेण्याला आव्हान दिलं गेलं. त्यावर न्यायालयाने घालून दिलेली कार्यपद्धती निवडणूक आयोगाने १ सप्टेंबर २००९ च्या सूचनांत सगळ्या देशासाठी घेतली. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती बसते. तिने प्रत्येक परवाना तपासायचा. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले आणि पूर्वी, विशेषतः निवडणुकीच्या काळात, दंगलीत सामील असलेले परवानाधारक मुख्यतः पाहायचे. हे काम शक्यतो निवडणुकीची अधिसूचना निघण्यापूर्वी संपवायचं. मग ज्यांची शस्त्रं खरोखर जमा करायला हवीत त्यांना नावानिशी नोटीस जाते. नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत बंदूक जमा करायची, पोच घ्यायची, आणि निकालानंतर एक आठवडा उलटला की ती परत मिळते. समितीचा निर्णय अंतिम असतो, म्हणून आपलं म्हणणं निर्णयाआधी समितीपुढे पोचलं पाहिजे. विधानसभेच्या वेळी घोषणा १५ ऑक्टोबरला झाली आणि अधिसूचना २२ ला निघाली. हातात फक्त सात दिवस होते. लोकसभेला मी फोन आल्यावर वाट पाहिली, नोटिशीनंतर अर्ज केला, तोही ठाण्याच्या नावाने. ठाण्याला सूट देण्याचा अधिकारच नाही. अर्ज तिथेच फायलीला लागला.

दुसऱ्या वेळी कागद दसऱ्यापूर्वीच जमवून ठेवले होते आणि घोषणेच्या दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. अर्ज 'अध्यक्ष, छाननी समिती तथा जिल्हा दंडाधिकारी' यांच्या नावे, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ज्या शाखेत शस्त्र परवाने चालतात तिथे द्यायचा. प्रती पोलीस अधीक्षक कार्यालयाला आणि आपल्या ठाण्याला. तिन्ही ठिकाणी आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घ्यायचा. शिक्का नसलेला अर्ज पुढे कुठेच उभा राहत नाही. टपालाने पाठवायचा असेल तर स्पीड पोस्टाने, पण सात दिवसांत टपालावर विसंबू नये.

कागदांत पहिला मान परवान्याच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्सचा. नूतनीकरणाचं पान आणि युआयएन, म्हणजे परवान्याचा विशिष्ट ओळख क्रमांक, त्यात दिसला पाहिजे. मग सातबारा आणि आठ अ. सातबाऱ्यावर चालू हंगामाची ई-पीक पाहणी नोंदलेली हवी. इथे पुष्कळ अर्ज मार खातात. शेतात भात उभं असतं आणि सातबाऱ्यावर पीक कोरं असतं. मग पीकच नाही तर संरक्षण कसलं, हा प्रश्न सरळ येतो. तिसरा कागद नुकसानीचा. मागच्या दोन-तीन वर्षांत वनविभागाने केलेले पंचनामे आणि भरपाईचे आदेश तारखांसह जोडले. पंचनाम्याच्या तारखा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या असतील तर नेमक्या याच दिवसांत बंदूक का हवी, हे वेगळं सांगावं लागत नाही. चौथा, मागच्या निवडणुकांत बंदूक वेळेवर जमा केल्याच्या पोचपावत्या. आदेश पाळणारा माणूस असल्याचा त्याहून चांगला पुरावा नाही. पोलीस पाटलांचा दाखलाही जोडला, पण त्याचं वजन थोडं.

सगळ्यात उपयोग झाला तो हाताने काढलेल्या नकाशाचा. घर, शेताचा सर्व्हे नंबर, मधली पायवाट, मतदान केंद्र असलेली शाळा, आणि प्रत्येकामधलं अंतर. घरापासून शेत सातशे मीटर, मतदान केंद्र उलट्या दिशेला दोन किलोमीटर. अधिकारी रोज शेकडो परवाने बघतो. त्याला गाव माहीत नसतं, नकाशात ते दिसतं.

अर्जाची भाषा साधी ठेवावी. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३(३) मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-छरे ठासून भरायच्या) बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे, माझा परवाना त्याच कारणासाठीचा आहे, माझ्यावर गुन्हा नाही, पीक उभं आहे, नुकसानीचा इतिहास हा. पाच-सहा वाक्यांत हे येतं. दोन पानं भावनेने भरली की मुद्दा शोधायला वेळ कोणाला नसतो.

जुन्या तक्रारींचं मात्र आधी बघून घ्या. आमच्याकडे बांधावरून, वहिवाटीवरून झालेल्या भांडणांतल्या फिर्यादी असतात. आपसात मिटलेल्या, पण ठाण्याच्या दप्तरी अजून नाव असलेल्या. छाननीत ते नाव वर येतं. निर्दोष सुटल्याच्या किंवा प्रकरण निकाली निघाल्याच्या निकालपत्राची प्रमाणित प्रत आधीच जोडावी. माझ्या पहिल्या अर्जात हेही राहून गेलं होतं.

आणि एक फार दुखरी गोष्ट. कित्येक घरांत परवाना अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहे आणि बंदूक माळ्यावर. अशा बंदुकीसाठी सूट मागू नका. परवानाधारक गेल्यावर ती बाळगणं बेकायदेशीर ठरतं, शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ती जमा करावी लागते, आणि वारसाने स्वतःच्या नावे नवा परवाना मागायचा असतो. सूट मागणाऱ्या अर्जाने हे प्रकरण स्वतःहून उघडं पडतं आणि निस्तरायला वर्षं जातात.

बंदूक शेतापर्यंत नेण्याचा अर्ज वेगळ्या कागदावर, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३(५) खाली, आदेशात बदल करण्यासाठी केला. या कलमाखाली दंडाधिकारी स्वतःहून किंवा बाधित माणसाच्या अर्जावरून आपला आदेश बदलू शकतात किंवा रद्द करू शकतात. पोटकलम ७ तर आपल्या हातातलं खरं हत्यार आहे. अर्ज आला की अर्जदाराला लवकर बोलावून, स्वतः किंवा वकिलामार्फत, म्हणणं मांडू द्यावं लागतं, आणि अर्ज पूर्ण किंवा अंशतः फेटाळला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. मी अर्जातच 'पोटकलम ७ प्रमाणे सुनावणी मिळावी' असं लिहिलं. पूर्ण आदेश रद्द करण्याची मागणी केली नाही. मागितलं एवढंच : अमुक घर ते अमुक सर्व्हे नंबर, अमुक पायवाटेने, संध्याकाळी सात ते सकाळी सहा, बंदूक रिकामी आणि खोळीत, परवाना सोबत, मतदानाचा दिवस आणि आधीचे दोन दिवस वगळून. हे शेवटचं वाक्य स्वतःहून घातलं, कारण त्या दिवसांत पोलिसांवर ताण असतो आणि आपली बाजू त्याने बळकट होते. कलम ३७(१) चा आदेशही मिळवून नीट वाचावा. बहुतेक आदेशांच्या शेवटी अपवाद आणि परवानगी कोणाकडून घ्यायची ते लिहिलेलं असतं. माझ्या वेळी ती परवानगी पोलिसांकडून स्वतंत्र घ्यावी लागली.

सुनावणी पाच मिनिटांची झाली. प्रश्न दोनच विचारले गेले. फटाके, बुजगावणं, कुंपण का चालत नाही? आणि बंदूक शेतात रात्री कोण सांभाळणार? दुसऱ्याचं उत्तर तयार हवं : परवान्यावर ज्याचं नाव तोच, दुसऱ्या कोणाच्या हातात बंदूक जाणार नाही. भावाच्या किंवा गड्याच्या हातात द्यायचा विचारसुद्धा करू नये. आणखी एक लक्षात ठेवायचं : ही परवानगी बंदूक नेण्याची आहे, जनावर मारण्याची नाही. रानडुकरावर गोळी झाडायची तर वनविभागाची परवानगी वेगळी लागते. बंदूक पिकात असते ती मुख्यतः आवाजासाठी.

अर्ज फेटाळला गेला तर पुढे राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका उरते. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे गेल्यामुळे मुंबईची वारी टळली, आंबोली घाट चढून एका दिवसात जाऊन येता येतं. तरीही एका बंदुकीसाठी वकिलाचा खर्च झेपत नाही. आठ-दहा परवानाधारकांनी मिळून जावं. नोटीस न देता केवळ फोनवर जमा करून घेतलेल्या बंदुका हा त्यात सर्वांत भक्कम मुद्दा ठरतो, म्हणून फोन आला की नम्रपणे एवढंच म्हणावं, "साहेब, लेखी नोटीस द्या, त्याच दिवशी घेऊन येतो." नोटीस हातात पडल्यावर मात्र सात दिवस ओलांडू नका. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कैद किंवा दंड आहे, आणि परवाना जातो तो वेगळाच.

जमा करायला नेतानाही मनाई आदेश चालू असतो, हे लोक विसरतात. नोटिशीची मूळ प्रत खिशात हवी, बंदूक खोळीत, काडतुसं वेगळ्या पिशवीत, वाटेत चहाला थांबायचं नाही. ठासणीची बंदूक रिकामी आहे का हे घरीच बघावं. गज (दारू ठासायची सळई) नळीत तळापर्यंत सोडायचा, नळीच्या तोंडाशी गजावर खडूने खूण करायची, मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून धरायचा, खूण तोंडाशी आणून. गजाचं टोक केप (ठिणगी पाडणारी टोपी) बसते त्या निपलच्या रेषेपर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडे राहिलं तर आत दारू आणि छरे बसलेले आहेत. वर्षानुवर्षं पडून असलेल्या बंदुकीत हे सर्रास निघतं. अशा वेळी हवेत बार काढून ती रिकामी करायला जाऊ नका, शस्त्रबंदीत तोच गुन्हा होतो. केप काढलेली ठेवा, ठाण्याला सांगा आणि परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडून आतली दारू आणि छरे काढून घ्या.

पोचपावतीवर बंदुकीचा प्रकार, नंबर, नळ्या किती, काडतुसांचा नेमका आकडा आणि बंदुकीची स्थिती लिहून घ्या. 'एक बंदूक मिळाली' एवढ्यावर सही करू नका. देण्यापूर्वी नळी, घोडा आणि नंबरचे फोटो काढा. मुद्देमाल खोलीत ओल असते. नळीला आतून-बाहेरून मशीन ऑइलचा हात फिरवून, तेलकट फडक्याचा बोळा तोंडात घालून मगच खोळीत घाला. खोबरेल तेल लावू नका, महिन्याभरात ते चिकट होतं.

परत घेण्याचा दिवस स्वतः मोजा. विधानसभेच्या वेळी २३ नोव्हेंबर अधिक सात, म्हणजे ३० नोव्हेंबर. ठाण्यात पहिलं उत्तर असतं, "वरून आदेश आला नाही." तेव्हा परवाना शाखेत जाऊन बंदुका परत देण्याच्या आदेशाचा जावक क्रमांक विचारून घ्यावा. तो क्रमांक सांगितला की कागद सापडतो. रजिस्टरवर सही करण्याआधी नंबर पावतीशी ताडून बघा, काडतुसं मोजा, बोळा काढून नळीतून उजेडाकडे बघा. गंज किंवा मोडतोड दिसली तर सहीच्या शेजारीच तसं लिहा.

छाननी समितीच्या बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागवता येतं, दहा रुपयांच्या अर्जावर. तीस दिवसांची मुदत असल्याने चालू निवडणुकीत त्याचा उपयोग होत नाही. मी लोकसभेनंतर मागवलं होतं. त्यातच माझ्या नावापुढे ती जुनी बांधाची तक्रार लिहिलेली सापडली.